शेवटच्या कडव्यातले नाव

वैशाख लागला की आमच्या इमारतीच्या काचा थरथरू लागतात. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला त्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही. रस्त्याकडेच्या बहाव्याला पिवळे घोस लोंबू लागतात. ओहोटीला खाडीचा वास सज्ज्यापर्यंत येतो, आणि त्या वासात आता चिखलापेक्षा कारखान्यांचा वाटा मोठा असतो. मग एका संध्याकाळी कोळीवाड्याच्या तोंडाशी टेम्पो येऊन उभा राहतो. त्यावर ध्वनिवर्धकांची भिंत रचलेली असते. फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांवर आपटून किणकिणू लागले, की हळदीचा हंगाम सुरू झाला असे आम्ही समजतो.

मी या हंगामाचा जुना फिर्यादी आहे. ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात अधीक्षक म्हणून सेवा करून निवृत्त झालो. निवृत्त माणसाला देवळाची पायरी किंवा बागेतला बाक पुरतो म्हणतात. मला टपालपेटी पुरली. ध्वनिप्रदूषणाचे नियम, महापालिकेचा अधिनियम, खाडीत सोडल्या जाणाऱ्या रसायनांबाबतचे आदेश, यांतले एकही कलम असे नाही ज्याचा आधार घेऊन मी कोणाला तरी पत्र लिहिलेले नाही. उत्तरे क्वचित येतात, आणि येतात तेव्हा त्यांत प्रश्न सोडून बाकी सर्व असते. तरीही लिहितो. अन्यायाविरुद्ध लिहून ठेवलेले एक वाक्यही व्यर्थ जात नाही, असे मी आयुष्यभर मानत आलो. हे वाक्य मी भूतकाळात लिहिले आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

यंदाही हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी तेच गाणे आले.

*हलद लागली नवरीला गो,*
*खारं पानी झायलं गोर.*

नवरीला हळद लागली आणि खाडीचे खारे पाणी गोड झाले. एवढेच. ज्या खाडीत आता मासा टिकत नाही, तिच्या काठावर उभे राहून शे-दोनशे माणसे पाणी गोड झाल्याचे गातात, नाचतात. हे गाणे ठाण्यापासून कल्याणपर्यंत, कोळ्यांच्या मांडवात, आगऱ्यांच्या मांडवात आणि आता हळदीच्या सभागृहांतही वाजते. टेंभी नाक्याच्या नवरात्रात ते वाजताना मी ऐकले आहे. दहीहंडीच्या थराखाली ऐकले आहे. ज्याला कोळी भाषेतला एक शब्द येत नाही, त्यालाही 'झायलं गोर' म्हणता येते. कोणाचे गाणे, असे विचाराल तर हातातला फोन उत्तर देतो: पारंपरिक.

परंपरेला गळा नसतो. परंपरा कधी ओट्यावर बसून, डोके खाजवीत, पुढची ओळ शोधीत नाही. ते काम माणूस करतो. या माणसाचे नाव धर्मा तांडेल.

आमची ओळख तक्रारीतून झाली. एका वैशाखात मी पोलीस ठाण्याला पत्र दिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक काळासावळा, रुंद खांद्यांचा, माझ्याच वयाचा गृहस्थ उभा. हातात कागदाची पुडी. कालच्या हळदीत गाणारा मीच, असे त्याने सांगितले, आणि भांडण नको म्हणून सोडे आणलेत, असे म्हणून पुडी पुढे केली. आमच्या घरात सुकी कोळंबीच काय, अंडेही कधी शिरलेले नव्हते. मी कायदा सांगू लागलो. आतून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, नको म्हणताय, की कुठे ठेवायचं ते सांगताय?" आणि त्यांनी पुडी घेऊन धर्माभाऊंच्या हातावर कोकम सरबताचा पेला ठेवला. त्या पुडीचे पुढे काय झाले हे मी आजवर विचारलेले नाही.

सरबत संपवून ते म्हणाले, "साएब, आवाज मी कमी करतो. पन तुमी खिडकी उघडी ठेवा. बंद खिडकीकडं बघून गायला बरा नाय वाटत."

मी तडजोड मान्य केली. न्यायालयात इतकी वर्षे काढून मी एवढी स्वच्छ तडजोड पाहिली नव्हती. त्यांनी आवाज कमी केला, मी खिडकी उघडी ठेवली, आणि उघड्या खिडकीतून पहिल्यांदा शब्द आत आले. तोवर फक्त गोंगाट येत होता.

धर्माभाऊंची कारकीर्द सांगायची तर ती खाडीसारखीच आहे. भरती थोडी, ओहोटी लांब. तरुणपणी बापाबरोबर होडीवर, मग मासा संपल्यावर एका रासायनिक कारखान्यात पहारेकरी. गाणे मात्र लहानपणापासून. बेंजो, ढोलकी आणि खुळखुळ्यांचा ताफा घेऊन ते ठाकुर्लीपासून दिव्यापर्यंत लग्ने गाजवीत. कॅसेटच्या काळात त्यांच्या चार-पाच कॅसेटी निघाल्या. बाजारातल्या भांडखोर कोळिणीवर गाणे, गावात पहिल्यांदा आलेल्या फ्रिजवर गाणे, मुंबईच्या जावयावर गाणे. मुखपृष्ठावर लाल टोपी घातलेले धर्माभाऊ, मागे रंगवलेला समुद्र, आणि ठळक अक्षरांत नाव: गीतकार, गायक धर्मा तांडेल. त्या गाण्यांतले एकही आज कोणाला येत नाही. ज्या गाण्यांवर नाव होते ती सर्व मेली. जगले ते एकच, ज्यावर नाव नव्हते.

त्याचे कारण होते. हे हळदीचे गाणे त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या, पारूबाईंच्या हळदीला केले होते. ऐन विशीत. आणि मांडवात दिलेले गाणे विकायचे नाही, असा त्यांचा नेम होता. कॅसेटवाल्याने कितीदा मागितले, त्यांनी दिले नाही. मात्र ज्या घरी हळद असेल तेथे ते फुकट गात, आणि शेवटच्या कडव्यात त्या घराचे नाव घेत. हीच त्या गाण्याची रीत. शेवटी गाणारा विचारतो, *मांडव कोनाचा गो, मांडव कोनाचा?* मग क्षणभर ढोलकी थांबते, आणि बायका एका सुरात त्या घराचे नाव सांगतात. भोईरांचा. केण्यांचा. म्हात्र्यांचा. त्या संध्याकाळपुरते गाणे त्या घराचे होते. करणाऱ्याने तेथे 'माझे' म्हणणे म्हणजे आहेर करून तो परत मागणे. मी एकदा धर्माभाऊंना विचारले, की मग तुमचे नाव कोठे येते? ते हसले आणि म्हणाले, माझ्या घरी लग्न असेल तेव्हा.

आता त्या एका वैशाखाकडे येतो. काही वर्षे झाली त्याला. त्याआधीच धर्माभाऊंचा आवाज गेला होता. बँडच्या गदारोळावर मात करीत गायल्याने गेला, की कारखान्याच्या हवेने, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नाही. ठामपणे सांगितले ते इतकेच, की परत येणार नाही. राहिली ती कुजबुज. समोरच्याने वाकून कान द्यावा लागे. गाणारा माणूस कुजबुजू लागला की तो चोरून काही सांगतो आहे असे वाटते, आणि चोरी तर दुसऱ्यांनीच केली होती.

कोणा लग्नातले चित्रण मोबाइलवरून फिरत फिरत एका संगीत कंपनीपर्यंत गेले. कंपनीने एक तरणा गायक उभा केला, गाण्याला इलेक्ट्रॉनिक ठोके लावले, पडाव म्हणतात तसली मोठी होडी भाड्याने घेऊन तिच्यावर पोरी नाचवल्या, आणि खाली लिहिले: पारंपरिक कोळीगीत. एवढ्यावर थांबले नाहीत. शेवटच्या कडव्यात घराचे नाव कोणाचे घालावे, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा. *मांडव कोनाचा?* असे गायक विचारतो, ढोलकी थांबते, आणि उत्तरात कंपनीचे नाव येते. चार इंग्रजी अक्षरे. बायकांच्या सुरात.

हे मी प्रथम ऐकले तेव्हा संतापून कंपनीचा टपालाचा पत्ता शोधून काढला. त्या संतापाला मी आजही आवर घालू इच्छीत नाही.

धर्माभाऊंना पैसा नको होता. त्यांची नात काजल हिचे त्या हंगामात लग्न ठरले होते, नवरा दिवा गावचा. सासरच्या मंडळींपुढे ती अभिमानाने म्हणाली होती, की हे गाणे माझ्या आजोबांनी केले. कोणीतरी फोन काढून दाखवला. त्यावर आजोबा नव्हते. पोरगी फेकते, असे तिकडच्या घरात हसत हसत ठरले. काजल घरी येऊन रडली नाही, तिने आजोबांना फक्त विचारले, "आजोबा, खरंच तुम्हीच केलेलं ना?"

तो प्रश्न धर्माभाऊंनी माझ्याकडे आणला. वाकून कान दिला तेव्हा ऐकू आले: "साएब, तिच्या हलदीपरेंत माजं नांव फोनवर आना. बाकी काय नको."

माझ्यासारख्या माणसाला याहून मोठे निमंत्रण काय असणार? मी कॉपीराइटचा कायदा उघडला. कायदा आमच्या बाजूने होता, स्वच्छ आणि निःसंदिग्ध. रचना करणारा तो कर्ता. नोंदणी असो वा नसो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. मांडवात गाऊन तो जात नाही. आणि कलम सत्तावन्न तर असे सांगते, की हक्क दिल्यानंतरही कर्त्याला 'हे माझे' म्हणण्याचा अधिकार उरतो. मी कंपनीला पत्र लिहिले, मग दुसरे, मग नोटीस. माझ्या आयुष्यातली सर्वांत बांधीव पत्रे ती होती. आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आले. ठाण्याला कंपनीच्या वकिलांच्या कचेरीत येऊन बोला.

आठवडाभर आम्ही माझ्या दिवाणखान्यात तालीम केली. मी वकील होऊन विचारी: गाणे कोणाचे? धर्माभाऊ कुजबुजत: माजं. बहिणीला काय दिले? गानं दिलं, पन केलं मी. उत्तम. आमच्या सौभाग्यवतीही आतून म्हणाल्या, की आता त्यांना झोपेतून उठवून विचारलंत तरी चुकणार नाहीत.

ठरल्या दिवशी खाली रिक्षापाशी गेलो तर धर्माभाऊंबरोबर पारूबाई. अंगावर ठेवणीतले लुगडे, अंबाड्यावर अबोलीची वेणी, कानांत सोन्याच्या गाठी. जणू त्यांचीच हळद. मी धर्माभाऊंना बाजूला घेऊन सांगितले, की साक्षीदाराची आज गरज नाही, उलट गोंधळ होईल. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही अमंगळ बोललो आहे. गाण्याचा निवाडा आणि जिचे गाणे तीच घरी, हे त्यांच्या कोणत्याच रीतीत बसत नव्हते. पारूबाई म्हणाल्या, "मी गप बसन साएब. मना काय बोलायला सांगू नका." आणि रिक्षात चढून बसल्या.

वकील तरुण, सौम्य आणि हुशार होता. उर्मट असता तर मला झेपला असता. त्याने सर्वांना पाणी दिले, आणि माझ्या नोटिशीला हात न लावता पारूबाईंकडे वळून विचारले, "आजी, हे गाणं कोणाचं हो?"

"माजं," पारूबाई म्हणाल्या. क्षणाचाही विलंब नाही. सगळा चेहरा उजळून म्हणाल्या. "दादूसनी माज्या हलदीला दिलंय."

मग तो धर्माभाऊंकडे वळला. आजी म्हणतात ते बरोबर का, असे त्याने विचारले.

मला उत्तर ठाऊक होते. आम्ही शंभरदा घोकले होते. धर्माभाऊंनी बहिणीकडे पाहिले. तिची ती अबोलीची वेणी, ते उजळलेले तोंड. मी डोळ्यांनी खुणावत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही.

"बरोबर हाय. तिचंच हाय," ते म्हणाले. वकिलाला वाकावे लागले. "मांडवात दिलेलं परत मागत नाय आमी."

वकिलाने पेनाचे टोपण लावले. मी उठून उभा राहिलो आणि कलम सत्तावन्न सांगितले, लेखी हस्तांतरणाचे कलम सांगितले, भेट आणि कर्तृत्व यांतला भेद सांगितला. माझा आवाज चढला असावा. तो मनापासून म्हणाला, की आपला अभ्यास दांडगा आहे. पण दावेदारच जर म्हणत असेल की दावा नाही, तर पुढचे न्यायालयात पाहू. मग त्याने चहा मागवला.

बाहेर आल्यावर आम्ही तलावपाळीवर बसलो. पारूबाईंनी बर्फाचा गोळा मागितला. त्यांच्या मते काम झाले होते. त्या कठड्याशी उभ्या राहून तलावातल्या होड्यांवर मते देत होत्या. कोणाला वल्हे धरता येत नव्हते म्हणे. मी धर्माभाऊंना म्हणालो, की अजून सर्व संपलेले नाही. दावा लावू. गाणे तिचे राहू द्या, नाव तुमचे. कायद्यात दोन्ही बसते.

"तुमच्या कायद्यात बसतंय," ते म्हणाले. "तिच्या डोक्यात बसल काय? ती म्हातारी झाली. कोर्टात मी बोलनार, गानं माजं. तिला येवढाच कलल, दादूसनी दिलेलं परत घेतलं."

"आणि काजल?"

या प्रश्नावर ते उठले आणि पारूबाईंच्या गोळ्याचे पैसे देऊन आले. एका बाजूला नात होती, एका बाजूला बहीण, आणि दोघींचाही कोणताही अपराध नव्हता. अशा वादाला कोणते न्यायालय आहे? मी ज्या इमारतीत आयुष्य घालवले ती तेथून हाकेच्या अंतरावर होती. त्या दिवशी ती मला प्रथमच निरुपयोगी वाटली.

काजलची हळद झाली. मी आणि सौभाग्यवती गेलो होतो. उन्हे उतरली होती, मांडवाच्या निळ्या कापडातून सगळ्यांचे चेहरे निळसर दिसत होते आणि नवरीचा तेवढा पिवळा. ताफा नव्हता; टेम्पो होता. गाणे लागले. दिव्याहून आलेल्या पोरांपैकी एकाने फोन उंच धरला आणि ओरडला, "वैनी, इथे तर ट्रॅडिशनल लिहिलंय!"

"अरे, माझ्या आजोबांचंय ते," काजल म्हणाली.

"मग तेच ना. सगळ्यांच्या आजोबांचंच असतं."

सगळे हसले. त्यात दुष्टावा नव्हता. लग्नघरची थट्टा होती. थोड्या वेळाने काजलही हसली. पराभव मी पुष्कळ पाहिले आहेत, निकालपत्र हातात घेऊन जिने उतरणारी माणसे पाहिली आहेत. पण ते हळदीने माखलेले हसू पाहताना मला समजले, की या मुलीने आत्ता, या क्षणी, आपला दावा सोडून दिला.

मग शेवटचे कडवे आले. *मांडव कोनाचा गो, मांडव कोनाचा?* यंत्रातली ढोलकी थांबली. जुन्या बायकांनी सवयीने तोंड उघडले. तांडेलांचा, असे म्हणायला श्वास घेतला. त्याआधीच टेम्पोवरच्या भिंतीतून ती चार अक्षरे आली आणि आमच्या छातीवर आदळली. बायकांची तोंडे तशीच मिटली. धर्माभाऊ मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मी त्यांच्या अगदी जवळ होतो. त्यांचे ओठ हलले. कोणते नाव होते ते मला ठाऊक आहे, पण मी ऐकले असे शपथेवर सांगू शकत नाही.

गाणे संपले तेव्हा पारूबाई त्यांच्याकडे आल्या. रुसल्या होत्या. "दादूस," त्या म्हणाल्या, "सगल्यांचं नांव घेतलंस, आपलंच का नाय घेतलं?"

त्यांच्या लेखी ते गाणे अजूनही भावाच्या गळ्यातून येत होते. भावाने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

त्याच पावसाळ्यात धर्माभाऊ गेले. पुढच्या वर्षी पारूबाईही. म्हणजे ज्या कारणासाठी दावा लावला नाही ते कारण उरले नाही, आणि ज्यांनी तो लावायचा तेही उरले नाहीत. वारसांना हक्क असतो. काजलला मी तसे सविस्तर लिहिले. गेल्या महिन्यात ती बाजारात भेटली. कडेवर मुलगी. दिव्याला पाणी एक दिवसाआड येते, म्हणून माहेरी कपडे धुवायला आले, म्हणाली. मुलगी त्या गाण्यावर छान नाचते, हेही तिने सांगितले. मी विचारले, की तिला सांगितलेस का गाणे कोणाचे ते.

"काय सांगू, काका?" ती म्हणाली. "मोठी झाली की फोनवर बघेलच ना." मग माझ्या हातातली पिशवी पाहून, पडेल ती, मी घेऊ का, असे विचारू लागली.

मी कंपनीला दर वैशाखात एक पत्र लिहितो. उत्तर येत नाही. आता मी उत्तराची वाटही पाहत नाही. शहाणी माणसे म्हणतात, की गाणे जगले हेच पुष्कळ, नावाचे काय? असे म्हणणाऱ्यांची नावे त्यांच्या दारांवर, गाड्यांवर आणि देवळांच्या फरशांवर कोरलेली असतात. गाणे जगले हे खरे. ज्या खाडीतून ते आले ती मेली, ज्या गळ्यातून आले तो गेला, ज्या घराचे नाव त्यात यायचे ते घरही आता बिल्डरने घेतले आहे. उरले ते फक्त ठोके.

आज संध्याकाळी पुन्हा टेम्पो उभा आहे. आवाज नियमाच्या कितीतरी वर आहे आणि मी पोलीस ठाण्याला लिहिलेले नाही. तडजोडीत माझ्या वाट्याला आलेली अट मी अजून पाळतो. खिडकी उघडी आहे. पेले वाजताहेत. हळद लागली, खारे पाणी गोड झाले. ढोलकी आता थांबेल. त्याच्या आधी मी उठतो, आणि शेवटच्या कडव्यापुरती खिडकी लावून घेतो.

काचेतूनही ते नाव स्पष्ट ऐकू येते.